चहा कडक हवा असेल तर पावडर वाढवा, वेळ नाही

‘पावडर तीच, दूध तेच, पातेलंही तेच. तरी चहा एखाद्या दिवशी फक्कड होतो, दुसऱ्या दिवशी फुळकवणी आणि तिसऱ्या दिवशी इतका कडवट की वरून साखर घालावी लागते. पाणी आधी की दूध आधी, साखर कधी, किती उकळायचा? आणि तुम्ही स्वतः कसा करता?’ असा प्रश्न आला आहे.

मी २६ वर्षं चहा चाखण्याचं आणि वेगवेगळ्या बागांचा माल एकत्र करून मिश्रण बांधण्याचं काम करते. त्यामुळे चहाबद्दल माझी मतं पक्की आहेत. त्यातली काही निव्वळ माझ्या आवडीची आहेत, तिथे तसं सांगेन. बाकीची पाणी, उष्णता आणि पत्ती यांच्या स्वभावातून आलेली आहेत आणि ती कोणाच्याही स्वयंपाकघरात तशीच लागू पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. तुमचा चहा रोज वेगळा होतो कारण तुम्ही तो रंगावर करता. रंग आला की गाळायचा, नाही आला की अजून थोडा उकळू द्यायचा. पावडर अंदाजाने पडते, एखाद्या दिवशी कमी पडते, मग रंग येईना म्हणून वेळ वाढतो. इथेच चहा बिघडतो. पत्तीतून सगळं एकदम उतरत नाही. सुवास, कॅफीन आणि रंगाचा बराचसा भाग पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाण्यात येतो. तोंड कोरडं करणारे जड, तुरट घटक सावकाश येत राहतात आणि त्याच वेळात सुवास वाफेबरोबर उडून जात असतो. म्हणजे कमी पावडर जास्त वेळ उकळली तर रंग मिळतो, पण त्या रंगामागे तुरटपणा जास्त आणि वास कमी असतो. जास्त पावडर कमी वेळ ठेवली तर तोच रंग मिळतो आणि चव मात्र भरलेली, टवटवीत लागते.

हे मला शिकवलं गेलं ते बोलून नाही, चाखून. कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी एकाच डब्यातली पत्ती तीन भांड्यांत घातली, वजन तेच, पाणी तेच. एक २ मिनिटांनी गाळलं, एक ५ मिनिटांनी, एक १० मिनिटांनी. तीन पांढरे वाडगे खिडकीच्या उजेडात ओळीने ठेवले. पहिला फिका तांबूस होता. मधल्याच्या काठाशी, जिथे चहा पांढऱ्या चिनी मातीला टेकतो तिथे, बारीक सोनेरी कडं दिसत होतं. तिसरा गडद, पण त्याचं कडं तपकिरी, मळकट झालेलं. मधल्याचा घोट जिभेवर चटकन जागा झाला आणि निघून गेला. तिसऱ्याचा घोट थुंकल्यावरही दातांच्या मागे खरखरीत साय बसल्यासारखं वाटत राहिलं. तो खरखरीतपणा येतो कारण चहातले तुरट घटक, म्हणजे पॉलिफेनॉल्स, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, त्यामुळे तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणाच जातो. आजही मी चहा पारखताना आधी त्या कड्याकडे बघते.

आता मापाचं. चव पारखण्यासाठी चहा कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली निघालेलं. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं माप आहे. लोक हे वाचतात आणि ६ मिनिटं म्हणजे आदर्श चहा समजतात. तसं नाही. ती वेळ मालातले दोष उघडे पाडण्यासाठी आहे, दोन चहा एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून. प्यायचा चहा त्या वेळेला करू नका. पण २ ग्रॅमचं प्रमाण मात्र सुरुवातीला धरून ठेवण्यासारखं आहे.

वजन का, चमचा का नाही, असं तुम्ही विचाराल. एकाच चमच्यात बारीक डस्ट घ्या, मग दाणेदार पावडर घ्या, मग लांब पानांचा चहा घ्या आणि तिन्ही तोलून बघा. डस्ट गच्च बसते, दाणे थोडे मोकळे राहतात आणि लांब पानं एकमेकांवर आडवीतिडवी पडून मध्ये नुसती हवा असते. चमचा एकच, वजन जवळजवळ निम्म्या फरकाने वेगळं. पाकीट बदललं की चहा बिघडतो त्याचं हे मोठं कारण. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा एकदा काढा, तुमच्या रोजच्या चमच्यात तुमची रोजची पावडर सपाट भरून किती भरते ते बघा आणि डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. रोज तोलायची गरज नाही. दाणेदार पावडरीचा सपाट लहान चमचा साधारण अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, पण तुमचा चमचा तुम्हीच बघा.

पत्ती कोणती, यावर वेळ ठरते. दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं आणि गोळी वळायची. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दातेरी रुळांमधून पान गेलं की त्याच्या पेशी फुटतात, आणि म्हणून तिचा रंग पाण्यात पडताक्षणी सुटतो. तिला दोन ते तीन मिनिटं पुष्कळ झाली. अख्ख्या पानाचा ऑर्थोडॉक्स चहा रुळांखाली नुसता वळलेला असतो, त्याचं पान आधी उलगडावं लागतं, त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. आणि तो उकळायचा नाही. उकळतं पाणी वर ओतायचं, झाकण ठेवायचं, मुरू द्यायचा. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीचा चहा मी खळखळत्या पाण्यातही करत नाही. उकळी बसू देते, अर्धा-एक मिनिट थांबते, मग ओतते. त्याचा फुलांसारखा वास हीच त्याची सगळी कमाई आहे, तो आचेवर घालवायचा नाही. हिरव्या चहाला तर पाणी ७० ते ८० अंशांवर हवं, दोन मिनिटं बास. ‘ग्रीन टी कडूच असतो’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो उकळलेला असतो.

पाण्याबद्दल लोक फार बोलतात, आणि चुकीच्या गोष्टीवर बोलतात. एकदा उकळलेलं पाणी पुन्हा उकळलं तर त्यातला प्राणवायू जातो आणि चहा मेलेला लागतो, असं सांगितलं जातं. पाणी पहिल्यांदा उकळतानाच विरघळलेली हवा बहुतेक निघून जाते, त्यामुळे दुसऱ्या उकळीत गमावण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. खरा फरक पडतो तो क्षारांचा. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात, त्याने चहाचा रंग मंद, मातकट होतो आणि कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा पातळ तवंग येतो. कपाच्या आत जे तपकिरी वर्तुळ राहतं ना, ते त्याच तवंगाचं. लिंबाचे दोन थेंब टाकले की तवंग विरतो आणि रंगही उजळतो, हे डोळ्यांदेखत होतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर एक दिवस गाळलेल्या मऊ पाण्याचा चहा करून बघा. पावडर बदलण्याआधी पाणी बदलून बघणं जास्त शहाणपणाचं.

उंचीवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे सीटीसी थोडी जास्त घ्यावी लागते. वेळ तिथेही जपूनच वाढवा.

आता दूध. सगळ्यात जास्त वाद इथे असतात, म्हणून जरा थांबून सांगते.

दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट पॉलिफेनॉल्सना पकडतं. म्हणून दूध घातल्यावर चहा मवाळ होतो, तोंड कोरडं पडत नाही. हे चांगलंच आहे. अडचण येते ती पत्ती दुधातच टाकली की. दूध मिसळलेल्या पाण्यात अर्क सावकाश उतरतो, रंग येत नाही, मग तुम्ही उकळत बसता. तेवढ्यात दूधही शिजतं. ७०-७५ अंशांच्या पुढे दुधाच्या निवळीतली प्रथिनं, म्हणजे दूध फाटल्यावर पाण्यात राहतात ती, उष्णतेने बदलायला लागतात, आणि तापल्या दुधाचा तो ओळखीचा वास येतो. थोडा असेल तर छान लागतो. दहा मिनिटं उकळलेल्या चहात तोच वास पुढे येतो आणि चहा मागे पडतो.

म्हणून माझी पद्धत अशी: पत्तीचा अर्क पाण्यात पूर्ण उतरवून घ्यायचा, आणि दूध नंतर, तेही वेगळं गरम केलेलं. फ्रीजमधलं थंड दूध उकळत्या चहात ओतलं की सगळं पातेलं गार पडतं, पुन्हा उकळी यायला तीन-चार मिनिटं जातात आणि पत्ती तेवढा वेळ आतच असते. तुमच्या ‘कधी कडवट’चं उत्तर मला वाटतं इथेच आहे. ज्या दिवशी दूध नुकतंच तापवलेलं असतं त्या दिवशी चहा चांगला होत असणार. आठवून बघा.

दोन कपांचं माझं माप सांगते. १८० मिलिलिटर पाणी खळखळ उकळू देते. आच मंद करून ६ ग्रॅम दाणेदार पावडर टाकते, झाकण ठेवते, अडीच मिनिटं घड्याळ लावून. झाकण यासाठी की वाफेबरोबर वास जातो, आणि झाकणाला लागलेली वाफ पुन्हा आत पडते. दुसऱ्या शेगडीवर १०० मिलिलिटर दूध वाफाळेपर्यंत तापलेलं असतं, ते ओतते. एक उकळी वर येते, पातेल्याच्या काठापाशी पोहोचते, तेवढ्यात गॅस बंद. पुन्हा झाकण, अर्धं मिनिट. मग गाळते. गाळणीत चोथा चमच्याने दाबत नाही, दाबला की अडकलेला सगळा तुरटपणा कपात उतरतो. कप आधी गरम पाण्याने विसळून घेते, कारण जाड चिनी मातीचा गार कप चहाचं तापमान सहज दहा अंशांनी खाली आणतो.

६ ग्रॅम जास्त वाटेल. दूध घालणार असाल तर थोडं जास्तच हवं, कारण दूध त्यातलं काही गिळून टाकतं. तुम्हाला सौम्य आवडत असेल तर ५ घ्या. अडीच मिनिटं मात्र तशीच ठेवा.

आणि ज्यांना आटवलेला, दाट, खूप उकळलेलाच चहा आवडतो? ती आवड चुकीची नाही. तिथे पाणी उडून दूध आटतं, दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी मिळून किंचित खमंग गोडवा येतो, आणि तो वेगळ्याच प्रकारचा आनंद आहे. फक्त हे करताना पत्ती आत ठेवून उकळू नका. दूध वेगळं आटवा, अर्क वेगळा काढा, गाळून दोन्ही एकत्र करा आणि मग एक उकळी द्या. दाटपणा मिळेल आणि घसा धरणार नाही.

कपात आधी दूध की आधी चहा, हा वादही जुना आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या की चव घेऊन आधी काय ओतलंय ते मला कळतं. तिथलेच संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ८ कपांची परीक्षा मांडली, ४ एका पद्धतीचे, ४ दुसऱ्या. नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १ एवढीच. प्रयोग कसा मांडावा हे शिकवताना ते उदाहरण आजही देतात. माझ्या जिभेचा अनुभव विचाराल तर फरक जाणवतो, पण तो दुधाच्या तापमानाचा आहे. थोडंसं दूध एकदम उकळत्या चहात पडलं की ते भाजून निघतं. चहाचा जोर थोडा उतरू द्या, ८० अंशांच्या खाली, मग क्रम कोणताही असो, चालतो.

साखर कधीही घाला. आधी घातली की ती ‘भाजते’ आणि चव वाढते असं म्हणतात, पण साखर भाजायला १६० अंशांच्या वर तापमान लागतं आणि पाणी शंभरावर थांबतं. मी ती कपात घालते, कारण मला पुरेशी वाटणारी साखर समोरच्याला जास्त वाटू शकते. गुळाचं वेगळं आहे. गूळ किंचित आंबट असू शकतो आणि उकळत्या चहात दूध फाटतं, म्हणून गॅस बंद केल्यावर, थोडं थांबून घाला. आलं घालत असाल तर ते पाण्यात, पत्तीच्या आधी, दोन मिनिटं चांगलं उकळून घ्या. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक पाचक घटक असतो, कोमट दुधात पडला तर दूध नासवतो, उकळीने तो निकामी होतो. वेलची उलट, अगदी शेवटी. चांगल्या पावडरीत मात्र मी दोन्ही घालत नाही. ज्या पत्तीला स्वतःचा वास आहे तिच्यावर दुसरा वास चढवणं माझ्या जिवावर येतं.

डबा कुठे ठेवता तेही बघा. कोरडी पत्ती ओलावा आणि वास फार लवकर ओढून घेते. माझ्याच घरी एकदा उत्तम आसाम चहाचा अर्धा किलोचा डबा, झाकण नीट न बसलेला, धुण्याच्या साबणाच्या कपाटात दोन आठवडे राहिला. पहिल्याच कपात साबण. उन्हात पसरला, हवेशीर ठेवला, वास गेला नाही, आणि सगळा टाकून द्यावा लागला. शेगडीच्या वरचं फडताळही तितकंच वाईट, तिथे रोज वाफ जाते. घट्ट झाकणाचा, उजेड न जाणारा डबा, मसाल्यांपासून लांब. आणि महिना-दीड महिना पुरेल एवढंच आणा.

उरलेला चहा पुन्हा गरम करण्याबद्दल: करू नका. कोरा चहा गार झाल्यावर गढूळ होतो, त्याला घाबरायचं कारण नाही, त्यातलं कॅफीन आणि रंगद्रव्यं एकत्र येऊन तसं होतं आणि तापवलं की ते पुन्हा विरघळतं. चांगल्या, जोरकस चहाचीच ती खूण आहे. पण वास गेलेला असतो, तो परत येत नाही. कोणी उशिरा येणार असेल तर गाळलेला कोरा अर्क थर्मासमध्ये ठेवा आणि दूध आयत्या वेळी गरम करून घाला. चोथ्यासकट तर कधीच ठेवू नका.

पिताना फार कढत पिऊ नका. ६५ अंशांच्या वर अति गरम पेयं पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये वर्गीकरण केलं आहे. चवीसाठीही तेच बरं. जीभ भाजत असताना तिला चव कळत नाही. मी गाळल्यावर तीन-चार मिनिटं थांबते आणि पहिला घोट हवेसकट, थोडा आवाज करत ओढते, त्याने वास नाकामागे चढतो. आमच्या कामात सगळे तसंच पितात.

तुमच्यासाठी एवढंच करून बघा. सुट्टीच्या दिवशी तुमचीच पावडर, २ ग्रॅमच्या तीन पुड्या. तीन पेल्यांत १०० मिलिलिटर उकळतं पाणी, वर बशी झाकून. एक २ मिनिटांनी गाळा, एक ४, एक ६. दूध, साखर काही नाही. गाळून पांढऱ्या कपांत ओता, खिडकीशी न्या, आधी काठाकडे बघा, मग चाखा. ज्या कपाशी तुमची जीभ थांबेल ती तुमच्या पावडरीची वेळ. मग त्या वेळेला हात न लावता पावडर अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने वाढवत न्या, दूध घालून पुरेसा कडक वाटेपर्यंत.